पंपाला हात लावण्याआधी

पंप वाढवून घेऊ नकोस. निदान आत्ता तरी नको. तुझी जुनी डीआय पिकअप आंब्याचा माल भरून फोंडा घाटात शिरली की दम खाते, मागचे ट्रकवाले हॉर्नवर हॉर्न देतात, दाजीपूर येईपर्यंत तुझा जीव मेटाकुटीला येतो, हे सगळं मला कळतं. आणि कुणीतरी तुझ्या कानात घातलंय की पंपाचा एक स्क्रू पिळला की गाडी उडत जाते. ते साफ खोटं असतं तर मी लिहायलाच बसले नसते. काळजी याचीच आहे की सुरुवातीला गाडी खरंच पळते.

काय होतं ते नीट समजून घे. डिझेल इंजिनात ताकद येते ती डिझेल जळून, आणि जळायला हवा लागते. स्क्रू पिळला की डिझेल वाढतं, हवा तेवढीच राहते. जादाचं डिझेल अर्धवट जळतं आणि सायलेन्सरमधून काळ्या धुराने बाहेर पडतं. सपाटीवर हे खपून जातं, कारण तिथे पूर्ण ताकद क्षणभरच लागते. घाटात मात्र पाय खाली दाबलेलाच राहतो, मैलोन्‌मैल. आतली उष्णता वाढतच जाते. पिस्टनचा माथा वितळतो, हेड गॅस्केट जातं, टर्बोची पाती खराब होतात. आमच्या कणकवलीच्या गॅरेजात अशी इंजिनं उघडलेली मी पाहिली आहेत. स्क्रू पिळायला जे पैसे गेले, त्याच्या कित्येक पट पुढे इंजिनकामाला गेले, आणि तेही ऐन सीझनमध्ये, गाडी उभी ठेवून.

तुझं इंजिन चार सिलिंडरचं, २५२३ सीसी, टर्बोवालं. नवं होतं तेव्हा त्याची ताकद साठ-पासष्ट हॉर्सपॉवर. आजच्या गाड्यांपुढे ही कमीच, पण कोकणातल्या कितीतरी घरांनी याच ताकदीवर आंबा कोल्हापूरला पोचवलाय. तेव्हा आधी हे शोधू की त्या साठ-पासष्टांतले किती घोडे वाटेत पळाले. ते परत आणायला फार पैसा लागत नाही. आणि ते परत न आणता वरून नवे चढवायला गेलीस, तर पैसे गेलेच समज.

सुरुवात अशा तपासणीपासून कर जिला दमडीही लागत नाही. बॉनेट उघड. इंजिन बंद ठेव. कुणाला तरी सीटवर बसवून अॅक्सिलरेटर पूर्ण, अगदी तळाला टेकेपर्यंत दाबायला सांग, आणि तू पंपावरचा लिव्हर बघ. केबल त्याला जिथे ओढते तिथे त्याला अडवणारा एक स्क्रू असतो. पेडल तळाला असताना लिव्हर त्या स्क्रूला टेकायलाच हवा. जुन्या गाडीत केबल ताणलेली असते, नाहीतर पेडलखाली जाड मॅट आलेली असते, आणि लिव्हर बोटभर अलीकडेच थांबतो. म्हणजे तू जीव खाऊन पाय दाबतेस आणि इंजिनाला मात्र पाऊणच अॅक्सिलरेटर मिळतो! केबल अॅडजस्ट करायला पाना आणि दहा मिनिटं पुरतात. अडवणाऱ्या स्क्रूला मात्र हात लावू नकोस, तो कंपनीने लावलेल्या मापावर राहू दे.

मग हवेकडे वळ. एअर फिल्टर काढून उजेडात धर. आपल्याकडची लाल माती त्यात कशी बसते ते तुझं तुलाच दिसेल. तोंडावर ओलं फडकं धरून घाट चढायला सांगितलं तर कसं होईल, तसंच त्या इंजिनाचं झालेलं असतं. कागदी फिल्टर आपटून, हवा मारून पुन्हा पुन्हा वापरायची आपल्याला सवय असते. हवेचा जोरदार मारा त्याचा कागद फाडतो आणि धूळ थेट टर्बोत जाते. नवा घाल. ही काटकसर करायची जागा नव्हे.

फिल्टरच्या पुढची गोष्ट जास्त महत्त्वाची, आणि गॅरेजात हीच सगळ्यात जास्त निसटते. टर्बोकडून इंजिनाकडे जो जाड रबरी होस जातो, तो खालच्या बाजूने चिरतो. वरून हात फिरवलास तर ठणठणीत वाटतो. त्याला आणि दोन्ही टोकांच्या क्लिपांना फडक्याने स्वच्छ पूस, माल भरून एक फेरी मार, आणि परत येऊन मोबाइलच्या टॉर्चने खालून बघ. चिरलेल्या जागी तेलकट काळा डाग उमटलेला असतो. चढावर जोर लावताना बॉनेटखालून फुस्स असा आवाज येत असेल तरी तेच. टर्बोने दाबून दिलेली हवा इथून निसटते, इंजिनापर्यंत पोचतच नाही, आणि मग पंप न वाढवताही गाडी काळा धूर ओकते. अशा गाडीचा पंप वाढवला तर काय होईल ते आता तुला सांगायला नको. होस आणि दोन चांगल्या क्लिपा, एवढ्यावर काम भागतं. माझ्या मते जुन्या टर्बो पिकअपसाठी यापेक्षा स्वस्तात ताकद देणारं दुसरं काम नाही.

डिझेल फिल्टर बदललेला नसेल तर बदल, आणि फिल्टरच्या तळाचं पाणी काढायचा बोल्ट सैल करून पाणी जाऊ दे. पावसाळ्यानंतर हे हमखास करायचं.

आता नोझल. इथे पैसे जातील, पण ते जाऊ दे. चारही नोझल काढून पंप-नोझलचं काम करणाऱ्याकडे ने आणि तपासणी तुझ्यासमोर करायला सांग. तो एकेक नोझल हाताच्या लिव्हरच्या मशीनवर लावतो आणि दाब देतो. चांगला नोझल किर्र आवाज करत डिझेलचं बारीक धुकं उडवतो, आणि दाब सोडला की टोक कोरडं. खराब नोझल पिचकारीसारखी धार मारतो किंवा टोकाला थेंब धरतो. तो थेंब जळत नाही, पिस्टनवर पडतो. बघताना लांब उभी राहा, त्या फवाऱ्यात बोट घालायचं नाही, एवढ्या दाबाचं डिझेल कातडी भेदून आत जातं. खराब असतील त्यांची टोकं बदल, दाब चारही नोझलना सारखा लावून घे, आणि पंपाचं टायमिंग व टॅपेट कंपनीच्या मापावर आणून घे. पंपावर जे काम करायचं ते एवढंच.

हे काम सांगायला गेलीस की एखादा म्हणेल, ‘ताई, तुम्हाला नाही कळणार, गाडी ठेवून जा.’ ठेवून जाऊ नकोस. भांडूही नकोस. स्टूल मागून घे, बस, आणि काढलेला प्रत्येक जुना पार्ट पिशवीत घालून घरी आण. पुढच्या वेळेपासून कुणी तसं बोलणार नाही.

एक प्रश्न मात्र आधीच सुटायला हवा, इंजिनाचा जीव शाबूत आहे का. इंजिन गरम करून चालू ठेव आणि तेल ओतायचं झाकण सांभाळून उघड. थोडी वाफ येणारच. पण धूर भसाभस येत असेल, झाकण नाचत असेल, तर मेकॅनिक ज्याला बॅक कॉम्प्रेशन म्हणतात ते हेच. रिंगा आणि लायनर झिजलेत. मग नोझल, होस, फिल्टर कशावरही खर्च करायच्या आधी कॉम्प्रेशन मोजून घे. निळा धूर आणि तेल कमी होणं जोडीला असेल तर इंजिनकामासाठीच पैसे साठव. तिथे मधला मार्ग नाही, आणि कुणी बाटलीतलं औषध विकत असेल तर घेऊ नकोस.

कधी कधी इंजिन बिचारं ठीक असतं आणि ताकद चाकापर्यंत पोचत नाही. सपाट, मोकळ्या जागी हँडब्रेक पक्का ओढ, चौथा गिअर टाक, थोडा अॅक्सिलरेटर देऊन क्लच हळूहळू सोड. इंजिन लगेच बंद पडायला हवं. ते घुमत राहिलं तर क्लच प्लेट घसरतेय. एकदाच कर, पुन्हा पुन्हा नाही. ब्रेक चिकटतोय का तेही बघ. सपाटीवर चार-पाच किलोमीटर जाऊन, ब्रेक फारसा न लावता गाडी थांबव आणि चारही चाकांजवळ तळहात ने, टेकवू नकोस. एक चाक इतरांपेक्षा जास्त तापलं असेल तर तिथे तुझं डिझेल जळतंय.

टायरबद्दल खास सांगते, कारण दिसायला छान म्हणून मोठे टायर घालायची टूम निघाली आहे. २१५/७५ आर १५ च्या जागी २३५/७५ आर १५ घातला तर चाकाचा व्यास चार टक्क्यांहून थोडा जास्तच वाढतो, आणि तेवढीच चाकाची ओढ प्रत्येक गिअरमध्ये कमी होते. पैसे देऊन गाडी अशक्त करून घेतल्यासारखं आहे ते. कंपनीचं माप, पूर्ण हवा, बस्स.

आता तुला न आवडणारी गोष्ट. माल. तुझ्या आरसीवर भरलेल्या गाडीचं आणि रिकाम्या गाडीचं वजन लिहिलेलं आहे, त्यांची वजाबाकी कर. तू त्याच्या वर भरतेस, मला माहीत आहे, सगळेच भरतात. पण हिशेब बघ. पंधरा फुटांना एक फूट असा चढ, वेग तासाला ३० किलोमीटर. वीस किलोचे २५ क्रेट जादा चढवलेस तर तो अर्धा टन नुसता वर उचलायलाच साडेतीन हॉर्सपॉवरच्या वर ताकद जाते. पंपवाला जे देतो म्हणतो त्यातलं बरंचसं तू क्रेट उतरवून फुकट मिळवशील. पाटे वाढवल्याने गाडीची ताकद वाढत नाही, ती फक्त खाली बसलेली दिसत नाही. वरचा अँगल, पुढचा जाड गार्ड, फाळक्याला मारलेला जादा पत्रा, जे जे कामाचं नाही ते काढून टाक. ओव्हरलोडला मोटार वाहन कायद्यात २०,००० रुपये दंड आहे, आणि वरच्या प्रत्येक टनाला २,००० वेगळे. एका पकडीत नोझलच्या खर्चाएवढे पैसे जातात.

चालवताना गाडी बसायच्या आधी गिअर उतरव. तिसऱ्यात रडतखडत ओढत बसलं की टर्बो झोपतो आणि धूर वाढतो. वळण दिसताच दुसरा टाक, इंजिन मोकळ्या आवाजात फिरू दे. वर पोचल्यावर लगेच चावी फिरवू नकोस, मिनिट-दोन मिनिटं इंजिन हळू चालू ठेव, नाहीतर टर्बोच्या बेअरिंगमधलं तेल तिथेच करपतं. रेडिएटरच्या जाळीत पेंढ्याची कुसळं अडकतात, तीही काढत जा.

चिप किंवा बॉक्स बसवा असं कुणी म्हणेल, पण ते तुझ्या या गाडीसाठी नाहीतच, कॉमन रेलच्या नव्या इंजिनांसाठी आहेत. मोठं इंजिन बसवायचं डोक्यात असेल तर आधी आरटीओची परवानगी लागते. विनापरवानगी फेरफाराला २०१९ च्या दुरुस्तीनंतर प्रत्येक फेरफारामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही आहे. इंजिन बदलायच्या पैशात तू गाडीच बदलशील.

एवढं सगळं झालं आणि तरीही चढावर कमी पडली, तर ती गाडी तुझ्या मालाला छोटी आहे. तेव्हा दोन खेपा कर किंवा मोठी गाडी भाड्याने घे, पण तिच्याकडून जबरदस्तीने काम काढून घेऊ नकोस.

आणि ताकदीवर खर्च करायच्या आधी ब्रेकचे लायनर आणि ब्रेक ऑइल बघून घे. कोल्हापूरहून माल भरून तू हाच घाट उतरतेस, त्या वेळी न्यूट्रल नाही, चढताना लागला तोच गिअर. मार्चच्या मध्यापासून पेट्या वाढतात आणि मग गाडीला एक दिवसही सुट्टी मिळत नाही. फेब्रुवारीतच कामं उरकून घे.