न दुखणारं दुखणं

डावीकडच्या खालच्या दाढेच्या जागी इम्प्लांट, म्हणजे हाडात टायटॅनियमचा स्क्रू आणि त्यावर कॅप, बसवून काही वर्षं झाली होती. ब्रश केल्यावर थुंकीत रक्त दिसायला लागलं. दुखत मात्र काहीच नव्हतं. चिक्कीसुद्धा त्याच बाजूनं फुटत होती. जिथे बसवला तिथे विचारलं, तर उत्तर मिळालं, "ब्रश जोरात घासत असाल. माउथवॉश वापरा."

पुढे हिरडी दाबली की कडेनं पू यायला लागला, तेव्हा हिरड्यांच्या तज्ज्ञांकडे गेलो. त्यांनी मिलिमीटरच्या खुणा असलेली बारीक सळई हिरडी आणि कॅपच्या फटीत अलगद सोडली. ती 7 मिलिमीटर आत गेली. एक्स-रेत स्क्रूच्या वरच्या आट्यांभोवती हाडच नव्हतं, वाटीसारखा काळा खड्डा होता. कॅपच्या कडेखाली एक पांढरा ठिपकाही दिसला. कॅप चिकटवताना सांडलेलं सिमेंट तिथेच राहिलं होतं आणि त्याच्या आधारानं जंतूंचा थर जमला होता.

मग दुखलं कसं नाही? आपल्या दाताचं मूळ बारीक तंतूंनी हाडाला बांधलेलं असतं, चावताना पडणारा दाब त्यांच्यामार्फत जाणवतो. इम्प्लांटला ते तंतू नसतात. टायटॅनियमला हाड थेट धरतं. स्वीडनच्या ब्रोनेमार्क यांनी 1965 साली पहिल्या रुग्णाला इम्प्लांट बसवले ते याच गुणाच्या भरवशावर. पण हिरडी त्या धातूला दातासारखी घट्ट जोडली जात नाही, नुसती वेढून बसते. त्यामुळे सूज आत लवकर उतरते. शिवाय तळाशी थोडं हाड शिल्लक असेपर्यंत इम्प्लांट हलतही नाही. हलायला लागला, तर बहुतेक वेळा तो काढावाच लागतो.

नुसती हिरडी सुजली असेल तर नीट सफाईनं ती पूर्ववत होऊ शकते. गेलेलं हाड मात्र सहजी परत येत नाही. माझी हिरडी उघडून सिमेंट काढलं, आटे घासून साफ केले. इम्प्लांट वाचला, खड्डा पूर्ण भरला नाही. 'लाइफटाइम गॅरंटी'चं कार्ड अजून कपाटात आहे. ते स्क्रूचं असतं, हाडाचं नव्हे.

म्हणून कॅप बसेल त्याच दिवशी एक्स-रे काढून घ्या आणि स्वतःजवळ ठेवा. पुढे हाड किती उतरलं हे त्याच्याशी ताडूनच कळतं. कॅप सिमेंटनं चिकटवणार की स्क्रूनं कसणार, हे आधी विचारा. सिमेंट असेल तर उरलेलं पूर्ण काढलं का, हेही विचारा. डॉक्टरांना राग आला तरी चालेल. फटीत फिरवायचा छोटा ब्रश प्लॅस्टिकचं आवरण असलेल्या तारेचा घ्या. पायरियानं दात गेलेल्यांना, तंबाखू खाणाऱ्या-ओढणाऱ्यांना आणि साखर ताब्यात नसलेल्यांना धोका जास्त, त्यांनी तपासणी चुकवूच नये. मिश्रीनं हिरड्या घट्ट होतात असं सांगणारी एखादी काकू घरोघरी असते. मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच.

आणि इम्प्लांटभोवती रक्त किंवा पू दिसला, तर माउथवॉशवर भागवू नका. त्याच आठवड्यात जाऊन सळईनं मोजून घ्या आणि एक्स-रे मागा.