धंद्याची माहिती : कोणाच्या डोक्यात, कोणत्या वहीत?

'माहिती व्यवस्थापन' हे शब्द ऐकले की आपल्या व्यापारी व कारागीर बांधवांना वाटते, हा मोठ्या कंपन्यांचा विषय आहे, आपला त्याच्याशी काय संबंध? आम्हालाही बरीच वर्षे असेच वाटत होते. परंतु माल कोणाकडे गेला, कोणत्या भावाने गेला, पैसे केव्हा यायचे आहेत आणि त्याचा पुरावा काय, या चार प्रश्नांची उत्तरे वेळेवर सापडणे यालाच माहिती व्यवस्थापन म्हणतात. उल्हासनगरात कापडाचा गाळा असो, अंबरनाथच्या एमआयडीसीत शेड असो की बदलापुरात घरातच दोन शिलाई मशीन असोत, हे चार प्रश्न कोणालाही चुकत नाहीत.

उल्हासनगर हे शहर १९४९ साली कल्याणच्या लष्करी छावणीच्या जागी सिंधी निर्वासितांसाठी वसवले गेले. पुढे तेथे सर्व जमातींचे व्यापारी आले आणि प्रत्येकाने आपापल्या लिपीत वही घातली. आमचे मरहूम वालिद कीर्द उर्दूत लिहीत. आमचे शिक्षणही उर्दू शाळेत झालेले, त्यामुळे आम्हाला ती अडली नाही. खतावणी मात्र मुनीमजी गुजरातीत लिहीत आणि ती फक्त त्यांनाच वाचता येई. आमचा मुलगा मराठी शाळेत शिकला. त्याला यातले काहीच वाचता येत नसे. म्हणजे एका दुकानाची माहिती दोन माणसांत वाटलेली आणि तिसऱ्याला कुलूपबंद. तेव्हा ही गोष्ट आमच्या लक्षातही आली नाही.

ती आली २६ जुलै २००५ रोजी. त्या दिवशी उल्हास आणि वालधुनी या दोन्ही नद्यांना पूर आला. आमच्या गाळ्यात पाणी छातीपर्यंत चढले. ताके भिजले, त्याचे दुःख झालेच. पण ताके धुऊन, वाळवून, निम्म्या भावाने का होईना, विकता आले. वह्या खालच्या खणात होत्या. शाई पसरून पानांचा लगदा झाला. पुढे जे घडले त्यातून आम्ही जेवढे शिकलो तेवढे तीस वर्षांच्या धंद्यात शिकलो नव्हतो. ज्यांचे आम्ही देणे लागत होतो त्या पेढ्यांनी आठ-दहा दिवसांत खात्याचे उतारे पाठवले. आमचे देणे पैशापैशासह परत उभे राहिले. येणे मात्र कोणी पाठवले नाही. काही गिऱ्हाइकांनी इमानदारीने आकडा सांगितला, काहींनी अर्धा सांगितला, काहींना काहीच आठवेना. बदलापूरचा एक शिलाई कारागीर मात्र खिशातली छोटी डायरी घेऊन स्वतः चालत आला आणि म्हणाला, "सेठ, तुमचे तेवीस ताके माझ्याकडे आहेत, लिहून घ्या." आमच्या वहीतून हे तेवीस ताके वाहून गेले होते, त्याच्या डायरीत ते शिल्लक होते.

तेव्हापासून आम्ही चलन दोन प्रतींत करतो आणि आमच्या प्रतीवर घेणाऱ्याची सही व तारीख घेतो. दिवसाचे चलन रात्री घरी, वरच्या मजल्यावर जाते.

पुढे संगणक घेतला आणि पुन्हा तीच चूक केली. हिशेबाची दुसरी प्रत पेन ड्राइव्हवर होती, पण तो पेन ड्राइव्ह संगणकाच्याच टेबलाच्या खणात. जुलै २०१९ मध्ये महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर आणि वांगणीच्या दरम्यान पाण्यात अडकली, त्याच पुरात आमच्या बदलापूरच्या गोदामातला संगणक आणि तो पेन ड्राइव्ह दोन्ही गेले. घरी ठेवलेल्या कागदी चलनांवरून सारे पुन्हा लिहून काढले. त्याला दीड महिना लागला. आता दुसरी प्रत दुसऱ्या गावी, भावाच्या घरी असते.

मुदतीचा देण्याघेण्याचा व्यवहार लिहून ठेवावा, असा हुकूम सूरह बकराच्या २८२ व्या आयतीत आहे आणि ती कुरआनातील सर्वांत मोठी आयत आहे. हातोहात होणाऱ्या व्यवहाराला तेथे सवलत दिली आहे. आपण नेमके उलटे करतो : रोखीची पावती फाडतो आणि उधारी जबानीवर ठेवतो.

कायद्याचेही असेच आहे. केवळ आपल्या वहीतल्या नोंदीवरून न्यायालय दुसऱ्यावर देणे बसवत नाही; सोबत आणखी पुरावा लागतो. जुन्या पुरावा कायद्यात हे होते आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या कायद्यातही आहे. उधार दिलेल्या मालाच्या पैशांसाठी दावा करण्याची मुदत तीन वर्षांची. ती संपण्यापूर्वी देणेकऱ्याने सहीनिशी बाकी कबूल केली, तर त्या तारखेपासून मुदत नव्याने मोजली जाते. यास्तव वर्षातून एकदा प्रत्येक खात्याची बाकी कागदावर लिहून त्याखाली सही घ्यावी. लाज वाटते, हे आम्हाला ठाऊक आहे. आम्हालाही वाटली. जीएसटीच्या वह्या व बिले तर वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने सांभाळावी लागतात.

शिलाई व फिनिशिंगची कामे करणाऱ्यांनी एक गोष्ट विशेष ध्यानात घ्यावी. सूक्ष्म व लघु उद्योग म्हणून नोंदणी असेल, तर खरेदीदाराने लेखी करार असल्यास जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि लेखी करार नसल्यास १५ दिवसांत पैसे द्यावे, असे २००६ चा कायदा सांगतो. हे दिवस माल पोचल्यापासून मोजायचे. चलनावर तारीख नसेल तर मोजणार कोठून? (आमच्यासारख्या निव्वळ व्यापाऱ्याला ही सवलत नाही, हेही सांगून टाकतो.)

आता जीन्सचे उदाहरण घेऊ. समजा, १,००० मीटर डेनिम घेतले. सव्वा मीटरला एक याप्रमाणे ८०० नग कापले गेले. शिलाईतून ७८८ आले, धुलाईतून ७७० आणि इस्त्री होऊन ७६५. एकूण ३५ नग कमी. नगाला ४०० रुपये खर्च धरला तर १४,००० रुपये गेले. प्रत्येक टप्प्याचा आकडा लिहिला नसेल, तर मालक शेवटच्या माणसाला, म्हणजे इस्त्रीवाल्याला धरतो. त्याच्याकडे मात्र फक्त ५ नग कमी झाले. १८ धुलाईत गेले. वालधुनीच्या प्रदूषणाच्या प्रकरणात उल्हासनगरातील जीन्स धुलाईचे कारखाने बंद झाल्यानंतर माल धुलाईसाठी दूर जाऊ लागला आणि वाटेतले हात वाढले. म्हणून आम्ही प्रत्येक लॉटला एक नंबर आणि एक कार्ड देतो. कार्ड मालाबरोबर फिरते, आणि ज्याच्या हातून माल पुढे जातो तो त्यावर स्वतः आकडा लिहितो. लिहिता येत नसेल तर मुलाकडून लिहून घेतो.

आजकाल पुष्कळ बांधव व्हॉट्सॲपवर 'माल मिळाला' असा निरोप घेतात. काहीच नसण्यापेक्षा ते बरे. पण मोबाईल हरवला की निरोपही जातो. अशा निरोपांची त्याच आठवड्यात वहीत नोंद करावी.

महिन्यातून एक दिवस आम्ही मुद्दाम दुकानात जात नाही. मुलगा एकटा वही उघडतो आणि संध्याकाळी आम्हाला सांगतो, कोणाकडून किती येणे आहे. मागच्या महिन्यात तीन नावांवर तो अडला. त्यातले एक खाते आम्ही सवयीने उर्दूत लिहून ठेवले होते.