डोंगर सावरला, हे अळीने सांगितलं

रत्नागिरी जिल्ह्यातल्या आमच्या सामाईक डोंगरावरची झाडं कोळशासाठी तुटली, त्याला १९ वर्षं झाली. खुंटांना फुटवे येऊन ऐन, किंजळ पुन्हा उभे राहिले. दर पावसाळा सरताना मी फुलपाखरं टिपायला वही घेऊन तिथे फिरतो. त्यातून उमगलेलं थोडं सांगतो.

१. नुसती संख्या मोजू नका. पहिली दोन-तीन वर्षं उघड्या रानात टाकळा माजला, घाणेरी फुलली आणि फुलपाखरांचे थवेच्या थवे आले. मी हरखून गेलो. पण ती बहुतेक टाकळ्यावर वाढणारी, उन्हात रमणारी पिवळी ग्रास यलो. ती रस्त्याकडेलाही भेटतात.

२. अळी शोधा. आपलं राज्य फुलपाखरू नीलवंत, म्हणजे ब्लू मॉरमॉन. महाराष्ट्राने २०१५ साली त्याला हा मान दिला. ते लांबवर उडतं, मधासाठी कुणाच्याही परसात येतं. ते दिसलं म्हणून रान सावरलं असं नाही. आठव्या वर्षी ओहोळाकाठच्या माकडलिंबाच्या पानावर पक्ष्याची शीट पडलेली दिसली. काडीने जरा डिवचली, तर तिच्या डोक्यामागून दुभंगलेलं मऊ शिंग बाहेर आलं आणि उग्र वास सुटला. नीलवंताची अळी! त्या दिवशी वहीत पहिल्यांदा लिहिलं, ‘इथे जन्मतं.’

३. वेली आणि बांडगुळं तोडू नका. झाडं मोकळी व्हावीत म्हणून मी गड्यांकडून वेली तोडून घ्यायचो. त्यात सापसंदही गेली. क्रिमसन रोज या फुलपाखराची अळी तिच्या पानांवर वाढते. हळदीकुंकू फुलपाखरू बांडगुळाच्या पानावर पिवळ्या अंड्यांचा पुंजका घालतं. कलमांच्या बागेत बांडगूळ काढावंच लागतं, रानात मात्र राहू द्या.

४. उंबराखाली बसा. नवाब, बॅरन ही फुलपाखरं फुलांपेक्षा सडक्या फळांवर जास्त येतात.

५. वणव्याला क्षमा नाही. एका वर्षी भाताच्या रोपांसाठी शेतात राब भाजताना आग डोंगरावर चढली. गवतातल्या अळ्या, झुडपांना चिकटलेले कोश, सगळं गेलं. पुढच्या वर्षी वहीची पानंच्या पानं कोरी राहिली.

तेव्हा राब भाजण्याआधी डोंगराच्या बाजूने गवत-पाचोळा साफ करून जाळरेषा काढा, आणि शेजाऱ्यालाही काढायला लावा.