मुलांचा संगणक : 'शुगर'ची ओळख



संगणक सुरू केला म्हणजे पडद्यावर प्रथम काय दिसते, हे एकदा आठवून पाहा. लहान लहान चित्रांची एक रांग असते. तीत फायली असतात, फायली ठेवण्याचे फोल्डर असतात आणि नको असलेले कागद टाकण्यासाठी कचऱ्याची टोपलीही असते. ही सारी सामग्री कचेरीतील टेबलावरची आहे, आणि ती तशी असण्यास कारणही आहे. अमेरिकेतील झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात १९७३ साली 'आल्टो' नावाचा संगणक तयार झाला. त्याच कल्पना पुढे नेऊन कंपनीने १९८१ साली 'स्टार' हा संगणक बाजारात आणला. तो कचेरीत काम करणाऱ्या मंडळींसाठी होता. म्हणून त्यांच्या ओळखीच्या वस्तूंची चित्रे पडद्यावर मांडण्यात आली. आज आपण ज्याला 'डेस्कटॉप' म्हणतो, तो अशा रीतीने कारकुनाच्या टेबलाचा वारसा आहे.

कारकुनाला हे टेबल सोयीचे खरे. पण दहा वर्षांच्या मुलाला फायली आणि फोल्डर यांचे काय प्रयोजन? मूल चित्र काढते, गोष्ट लिहिते, ताल धरते, सवंगड्याला हाक मारून आपले काम दाखविते. त्याच्या या स्वभावाला अनुसरून संगणकाचा पडदा रचता येईल काय? या प्रश्नाला मिळालेले एक उत्तम उत्तर म्हणजे 'शुगर' ही मुलांसाठी निर्माण केलेली संगणक-रचना होय. तिची ओळख करून घेणे हा या पाठाचा उद्देश आहे.

कल्पनेचा उगम

सीमोर पॅपर्ट (१९२८-२०१६) हे दक्षिण आफ्रिकेत जन्मलेले गणितज्ञ. जिनिव्हा येथे ज्याँ पियाजे या बालमानसशास्त्रज्ञाच्या सहवासात त्यांनी काही वर्षे काम केले. मूल ज्ञान आयते स्वीकारीत नाही, ते स्वतःच्या अनुभवातून रचते, हा पियाजे यांचा विचार. पॅपर्ट यांनी त्यात भर घातली ती अशी, की हातांनी काहीतरी घडवीत असताना आणि ते इतरांना दाखवीत असताना ही रचना सर्वांत चांगली होते. १९६७ साली त्यांनी आपल्या सहकाऱ्यांसह मुलांसाठी 'लोगो' ही संगणकाची भाषा तयार केली. त्यांच्या कार्याने प्रभावित झालेल्या ॲलन के यांनी १९७२ साली, मुलाला दप्तरातून नेता येईल अशा संगणकाची कल्पना 'डायनाबुक' या नावाने मांडली. तसा संगणक त्या वेळी केवळ कागदावरच होता.

हा विचार आपल्याला अगदी परका नाही. भावनगरला गिजुभाई बधेका यांच्यासमवेत बालशिक्षणाचे कार्य केलेल्या ताराबाई मोडक १९४५ साली तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील बोर्डी येथे आल्या. पुढे कोसबाडला आदिवासी मुलांमध्ये काम करताना ताराबाईंनी आणि त्यांच्या सहकारी अनुताई वाघ यांनी बिया, पाने, शंख-शिंपले अशा परिसरातील वस्तूंनाच शिक्षणाची साधने केले. मुलाच्या हाताला जे लागते त्यातून त्याला शिकू द्यावे, हे तत्त्व दोन्हीकडे एकच आहे. येथे साधन तेवढे निराळे.

२००५ साली निकोलस निग्रोपाँटी यांनी 'प्रत्येक मुलाला एक लॅपटॉप' ही योजना जाहीर केली. तिच्यासाठी 'एक्सओ' नावाचा हिरवा-पांढरा, उन्हातही वाचता येईल अशा पडद्याचा लॅपटॉप तयार झाला. किंमत शंभर डॉलर ठेवावयाची होती; २००७ मध्ये उत्पादन सुरू झाले तेव्हा ती सुमारे १८८ डॉलर पडली. या लॅपटॉपसाठी जी रचना बनविली गेली तीच 'शुगर'. २००८ साली वॉल्टर बेंडर यांच्या पुढाकाराने 'शुगर लॅब्स' ही स्वतंत्र संस्था स्थापन झाली, आणि २००९ पासून साध्या पेन ड्राइव्हवरूनही शुगर चालविता येऊ लागली.

पडद्यावर काय दिसते?

शुगर प्रथम सुरू केली म्हणजे ती मुलाचे नाव विचारते आणि त्याला आपल्या आवडीचे रंग निवडू देते. मग पडद्याच्या मध्यभागी त्याच रंगांची एक छोटी मानवाकृती उभी राहते. गोल म्हणजे डोके आणि फुली म्हणजे हातपाय. तिच्याभोवती चित्रांचे कडे असते. ही चित्रे म्हणजे निरनिराळे 'उपक्रम' होत : लेखन, चित्रकला, गणन, संगीत, छायाचित्रण, स्मरणाचे खेळ आणि कासवाची भूमिती. एकदा टिचकी मारली की उपक्रम उघडतो व संपूर्ण पडदा व्यापतो. एका वेळी एकच काम समोर राहते, त्यामुळे लक्ष विचलित होत नाही.

या रचनेत दृष्टीच्या चार पायऱ्या आहेत. चालू उपक्रम ही पहिली, स्वतःचे घर ही दुसरी, मित्रमंडळ ही तिसरी आणि शेजार ही चौथी. शेजारच्या पडद्यावर जोडलेले इतर विद्यार्थी त्यांच्या रंगांतील आकृत्यांनी दिसतात. त्यांना बोलावून एकच निबंध दोघांनी मिळून लिहिता येतो.

सर्वांत महत्त्वाचा भाग म्हणजे 'रोजनिशी'. शुगरमध्ये केलेले काम आपोआप नोंदले जाते. 'सेव्ह करायचे राहिले' म्हणून कोणाला रडावे लागत नाही. काल काय केले, परवा काय केले, हे दिनांकाच्या क्रमाने दिसते आणि अर्धवट काम तेथूनच पुढे चालू करता येते. शिक्षकाला उत्तरपत्रिकेत केवळ शेवटचे उत्तर दिसते. येथे मूल त्या उत्तरापर्यंत कोणकोणत्या वाटांनी पोहोचले तेही दिसते. शिवाय ही रचना मुक्त आहे. एखादा उपक्रम कसा लिहिला आहे हे पाहण्याची सोय तीत ठेवलेली आहे, आणि जिज्ञासू विद्यार्थ्याला 'पायथन' भाषेतील तो मजकूर वाचता व बदलताही येतो.

कासवाचा धडा

मी कलाशाखेची पदवीधर. भूमिती हा माझा विषय नव्हे. तरीही एका जुन्या संगणकावर पेन ड्राइव्ह लावून इयत्ता आठवीच्या काही विद्यार्थ्यांसमवेत मी कासवाचा उपक्रम करून पाहिला. त्यात पडद्यावर एक कासव असते. 'पुढे १००', 'उजवीकडे ९०' अशा आज्ञांचे ठोकळे एकाखाली एक जोडले की ते चालते आणि मागे रेषा उमटवीत जाते. ठोकळ्यांवरील शब्द इंग्रजी होते. मुलांनी कागदाच्या चिठ्ठ्यांवर 'पुढे', 'उजवीकडे', 'पुन्हा' असे लिहून त्या पडद्याच्या कडेला चिकटविल्या.

चौरस सहज साधला : पुढे १००, उजवीकडे ९०, हे चार वेळा. मग मी समभुज त्रिकोण काढावयास सांगितले. त्रिकोणाचा प्रत्येक कोन ६० अंशांचा, हे सर्वांना पाठ होते. म्हणून त्यांनी 'उजवीकडे ६०' असे तीन वेळा दिले. त्रिकोण झालाच नाही. तोंड उघडी राहिलेली एक कमान तेवढी झाली. सर्व गप्प झाले. तेव्हा एका मुलीने काहीही न पुसता तीनच्या जागी सहा घातले, आणि पाहतो तो सुरेख षट्कोन तयार! चूक अशी की तिच्यातून नवी आकृती हाती आली.

पण त्रिकोण का झाला नाही? उत्तर एका शेतकऱ्याच्या मुलाने दिले. तो म्हणाला, "बाई, धुऱ्याने चालताना कोपऱ्यावर आपण शेताच्या आतला कोन वळत नाही. जितके सरळ चाललो असतो त्यापासून जितके फिरतो, तितके वळतो." हाच बाह्यकोन. आतला कोन ६०, म्हणून वळण १८० वजा ६०, म्हणजे १२० अंश. मग वर्गात सर्वांनी खडूने काढलेल्या 'धुऱ्या'वरून चालून पाहिले. शेत कोणत्याही आकाराचे असो, एक फेरी पूर्ण करून निघालो त्याच दिशेला तोंड केले, म्हणजे एकूण वळण ३६० अंश होते. म्हणून सम बहुभुजाकृतीच्या बाजू जितक्या, तितक्यांनी ३६० ला भागावे. पंचकोनासाठी ७२, अष्टकोनासाठी ४५. हा नियम मी फळ्यावर लिहिला नव्हता. तो मुलांनीच सांगितला आणि मी तो त्यांच्यापासून शिकले.

खैराटची शाळा

भारतात या लॅपटॉपचा पहिला प्रयोग २००७ साली महाराष्ट्रातच झाला. रायगड जिल्ह्यातील खैराट-धनगरवाडा या लहानशा वाडीवरील मराठी शाळेत शुगर असलेले एक्सओ लॅपटॉप मुलांच्या हाती देण्यात आले. शाळा एकशिक्षकी, विद्यार्थी विशीच्या घरात. एकच शिक्षक चार इयत्ता सांभाळतो तेव्हा एका इयत्तेला शिकविताना बाकीच्या तीन इयत्तांनी काय करावे, हा आपल्या ग्रामीण शिक्षणातील जुना प्रश्न आहे. मुले स्वतः व परस्परांच्या साहाय्याने काम करू शकतील अशा साधनाचे मोल अशा शाळेत सर्वांत अधिक.

तथापि केवळ यंत्र दिल्याने विद्या येते, असा भ्रम कोणी बाळगू नये. भारत सरकारच्या मनुष्यबळ विकास मंत्रालयाने २००६ सालीच ही योजना नाकारली होती. युरुग्वे या देशाने २००७ मध्ये सुरुवात करून अल्पावधीतच सरकारी प्राथमिक शाळांतील सर्व मुलांना लॅपटॉप दिले. पेरूमध्येही ते लक्षावधी वाटले गेले. परंतु पेरूतील ३१९ ग्रामीण शाळांचा अभ्यास २०१२ साली प्रसिद्ध झाला, तेव्हा गणित व भाषा यांच्या चाचण्यांत विशेष प्रगती आढळली नाही. सर्वसाधारण आकलनशक्तीत मात्र काहीशी वाढ दिसली. साधन आणि मूल यांच्यामध्ये शिक्षक हवा, त्याची पूर्वतयारी हवी आणि वेळही हवा, हा धडा यातून घ्यावयाचा.

याच्या उलट प्रकारही मी पाहिला आहे. मी पूर्वी ज्या एका शाळेत होते, तेथील संगणक-कक्षाला वर्षातील बहुतेक दिवस कुलूप असे. यंत्रे बिघडतील, ही भीती. वर्षाखेरीस यंत्रे नवीन राहिली आणि मुले कोरी राहिली.

भाषेचा प्रश्न

आपले बोरगाव सौंसर तालुक्यातील. २०२३ पासून आपण पांढुर्णा जिल्ह्यात मोडतो. घरी मराठी, कचेरीत हिंदी आणि संगणकावर इंग्रजी, अशी येथील मुलांची स्थिती आहे. माझी स्वतःची मातृभाषा कोकणी. परक्या शब्दांच्या उंबरठ्यावर मूल किती वेळ ताटकळते, हे मी अनुभवाने जाणते. शब्द कळत नसले की मूल खुणा पाठ करते. 'येथे दाबा, मग तेथे दाबा' एवढेच शिकते. शुगरची भाषा बदलता येते आणि तिची भाषांतरे जगभरचे स्वयंसेवक करतात. जेथे मराठी शब्द अपुरे पडतील तेथे ते घालण्याचा मार्ग आपल्यालाही मोकळा आहे. आमच्या चिठ्ठ्यांवरचे तीन शब्द ही त्याची सुरुवात समजावी.

पालकांना एक विनंती. मुलांसाठी नवा, महागडा संगणक घेण्याची चिंता करण्यापूर्वी घरात वा शेजारी पडून असलेला जुना संगणक पाहावा. शुगरसाठी पैसे पडत नाहीत. तिच्यासारखेच उपक्रम 'शुगरायझर' या रूपाने मोबाईलवरही चालतात. मूल मोबाईलवर नुसते पाहत बसले आहे की काही घडवीत आहे, एवढे मात्र अधूनमधून त्याच्याजवळ बसून पाहावे.

स्वाध्याय

१. कासवाला दशकोन काढावयाचा आहे. प्रत्येक कोपऱ्यावर किती अंश वळावे?
२. 'पुढे १००, उजवीकडे १४४' ही आज्ञा पाच वेळा दिल्यास कोणती आकृती होईल? एकूण वळण ३६० अंश होते की त्याहून अधिक? कागदावर काढून पाहा.
३. 'पुढे १, उजवीकडे १' हे ३६० वेळा केल्यास काय दिसेल, आणि का?
४. आपल्या शेताच्या किंवा अंगणाच्या धुऱ्याने एक फेरी मारा, प्रत्येक कोपऱ्यावरील वळण अंदाजाने लिहून बेरीज करा. बेरीज ३६० येत नसेल तर कोणत्या कोपऱ्यावर चुकलात ते शोधा.

चौथा प्रश्न संगणकाशिवाय सोडवावयाचा आहे. ज्यांच्या घरी संगणक नाही त्यांनी तेथूनच प्रारंभ करावा.