उपनगरात सुरक्षिततेचा खर्च किती?

डोंबिवलीत घर बघायला गेलं की बिल्डरचा माणूस स्टेशन किती मिनिटांवर, पाणी किती तास, पार्किंग कुठे, सगळं सांगतो. ‘इथे घरफोड्या किती होतात?’ असं विचारलं की मात्र ‘एरिया एकदम सेफ आहे’ यापलीकडे गाडी जात नाही. या प्रश्नाचं उत्तर कुठे मिळतं आणि घर घेतल्यावर सुरक्षेवर कोणत्या क्रमाने पैसे घालावेत, याचा हा हिशोब. बाजारभाव ढोबळ आहेत. आपल्या भागातून दोन-तीन कोटेशन घ्यावीतच.

भागाची चौकशी : शून्य ते १० रुपये

राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या (एनसीआरबी) अहवालात गुन्ह्यांचा दर एक लाख लोकसंख्येमागे दिलेला असतो. पण महाराष्ट्रातली महानगरं म्हणून त्यात येतात ती मुंबई, पुणे आणि नागपूर. डोंबिवली ठाणे पोलीस आयुक्तालयात मोडते, त्यामुळे तिचे आकडे ठाणे, भिवंडी, उल्हासनगरच्या आकड्यांत मिसळून जातात. म्हणून चौकशी पोलीस ठाण्यानुसार करा. डोंबिवलीतच रामनगर, विष्णूनगर, टिळकनगर, मानपाडा अशी ठाणी आहेत. इमारत कोणाच्या हद्दीत येते ते आधी विचारा.

महाराष्ट्र पोलिसांच्या नागरिक पोर्टलवर ‘प्रकाशित एफआयआर’ हा विभाग आहे. पोलीस ठाणं आणि तारीख निवडली की नोंदलेले गुन्हे फुकट बघता येतात. संवेदनशील गुन्हे त्यातून वगळलेले असतात. एकत्रित आकडे हवे असतील तर माहिती अधिकारात अर्ज करा. शुल्क १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. अर्ज एकाच विषयाचा आणि १५० शब्दांच्या आत ठेवा. गेल्या तीन वर्षांत नोंदलेल्या आणि उघडकीस आलेल्या घरफोड्या, सोनसाखळी चोऱ्या आणि वाहनचोऱ्या, एवढंच विचारा. घरफोड्यांची दिवसा आणि रात्री अशी विभागणीही मागा.

आकडा मोठा म्हणून भाग वाईट, असं समजू नका. मोठ्या हद्दीच्या ठाण्यात नोंदी जास्त होणारच. आकडा वाढतोय की उतरतोय ते बघा. घरफोड्या दिवसा जास्त होत असतील, तर फक्त रात्रीचा वॉचमन ठेवून काही साधणार नाही.

दार : ३,००० ते २५,००० रुपये

घरफोडीच्या बातम्यांत ‘कडीकोयंडा तोडून’ हे शब्द हमखास येतात. बाहेरून लटकणारं कुलूप घरात कोणी नसल्याचं जिन्यावरूनच सांगतं. शिवाय कोयंडा चार आखूड स्क्रूंवर तगलेला असतो. कटावणीच्या हिसक्याने स्क्रू लाकडासकट बाहेर येतात आणि महागडं कुलूप न तुटता कोयंड्यासकट लोंबकळत राहतं. दाराच्या आत बसणारं, दोन-तीन बोल्टचं लॉक बसवणावळीसह साधारण ३,००० ते ७,००० रुपयांत होतं. लोखंडी सेफ्टी डोअरला १०,००० ते १८,००० लागतात. बिजागरीचे स्क्रू लांब आहेत ना, चौकट भिंतीत नीट रोवली आहे ना, हे सुताराकडून बघून घ्या. गावी जाताना दूध आणि पेपर बंद करा, शेजाऱ्यांना सांगून जा. याला पैसे लागत नाहीत.

कॅमेरे : ३०,००० ते ५०,००० रुपये

हा सोसायटीसाठी आठ कॅमेऱ्यांच्या संचाचा वायरिंगसह अंदाज. विक्रेता मेगापिक्सेल सांगेल. तुम्ही रेकॉर्डिंग किती दिवस टिकतं ते विचारा. दोन मेगापिक्सेलचा एक कॅमेरा चोवीस तास चालू ठेवला तर सर्वसाधारण सेटिंगवर रोज सुमारे २१ जीबी जागा खातो. आठ कॅमेऱ्यांना १ टीबीची हार्डडिस्क जेमतेम सहा दिवस पुरते. मे महिन्यात पंधरा दिवस गावी राहून परतलेल्या कुटुंबाला चोरीच्या रात्रीचं चित्रण मिळणारच नाही. निदान ४ टीबी घ्या.

कोर्टात चित्रण चालायचं असेल तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र लागतं. म्हणून पासवर्ड कोणाकडे राहील आणि कॉपी कोण काढून देईल, हे कमिटीच्या ठरावात लिहून ठेवा.

वॉचमन : सर्वांत मोठा खर्च

एका गेटवर दिवसाला आठ तासांच्या तीन पाळ्या, म्हणजे आठवड्याला २१. साप्ताहिक सुट्टी धरून एक माणूस सहा पाळ्या करतो. म्हणजे एका गेटला साडेतीन माणसं लागतात. समजा एजन्सीचा दर माणशी १८,००० रुपये आहे. महिन्याचे ६३,००० झाले, १८ टक्के जीएसटी धरून ७४,३४०. साठ फ्लॅटच्या सोसायटीत प्रत्येकी १,२३९ रुपये.

यापेक्षा बरंच स्वस्त कोटेशन आलं तर बहुतेक वेळा त्यात बारा तासांच्या ड्युटीवर दोनच माणसं धरलेली असतात. बारा तास उभा असलेला माणूस पहाटे तीनला डुलक्या घेतो, हा त्याचा दोष नाही. एजन्सीकडे खासगी सुरक्षा एजन्सींच्या नियमनाच्या २००५ च्या कायद्याखालचा परवाना आहे का ते बघा. मालकाचा १२ टक्के पीएफ आणि ३.२५ टक्के ईएसआय भरल्याची चलनं दर महिन्याला मागा. थकबाकी सोसायटीच्या गळ्यात पडू शकते.

भाडेकरू : सुमारे २,००० रुपये

भाडेकरूची माहिती पोलिसांना ऑनलाइन देता येते. भाडेकराराची नोंदणी ही कायद्याने घरमालकाची जबाबदारी आहे. २०,००० भाडं, एक लाख अनामत आणि अकरा महिने धरले तर मुद्रांक शुल्क साधारण ६०० रुपये, महापालिका हद्दीत नोंदणी फी १,००० आणि ऑनलाइन हाताळणी शुल्क ३००. याच्या वरचे पैसे एजंटचे.

सोनं : लॉकर आणि विमा

बँकेच्या निष्काळजीपणामुळे किंवा कर्मचाऱ्याच्या अफरातफरीमुळे लॉकरमधला ऐवज गेला तर भरपाई वार्षिक भाड्याच्या शंभर पटींपर्यंतच मिळते. भाडं २,००० असेल तर २ लाख. त्यात आज दोन तोळेही येत नाहीत. तरीही कपाटापेक्षा लॉकर बरा. ‘भारत गृह रक्षा’ ही मूळ आगीची पॉलिसी आहे; घरफोडीचं संरक्षण वेगळं घ्यावं लागतं. त्यात दागिन्यांची मर्यादा किती आणि घर किती दिवस बंद राहिलेलं चालतं, या दोन अटी सही करण्याआधी वाचा.

चोरी झालीच तर

कशालाही हात न लावता ११२ वर फोन करा. गुन्हा हद्दीबाहेरचा असला तरी कोणत्याही ठाण्यात फिर्याद घेता येते, आणि एफआयआरची प्रत फिर्यादीला मोफत मिळते. ती मागून घ्याच. विम्याचा दावा तिच्याशिवाय पुढे सरकत नाही.

थोडक्यात, आधी चौकशी, मग दार, त्यानंतर कॅमेरे आणि पूर्ण मनुष्यबळ परवडत असेल तेव्हाच वॉचमन. बहुतेक सोसायट्या हा क्रम उलटा लावतात आणि दर महिन्याला त्याचे पैसे मोजतात.