दुधाची वही आणि टीएसएच

परवा फोनवर तू म्हणालीस, "ताई, रिपोर्ट नॉर्मल आलाय, पण मी काही नॉर्मल नाही," आणि हसलीस. ते हसणं माझ्या ओळखीचं आहे गं. अकरा वर्षांपूर्वी मीही तसंच हसायचे. भर मे महिन्यात पायांत मोजे, दुपारी दोनला डोळ्यांवर झापड, फणीत केसांचा पुंजका, आणि बँकेत हातातला टोकन नंबर दोन मिनिटं लक्षात राहीना. सासूबाई म्हणायच्या, अंगात आळस भरलाय. डॉक्टर म्हणाले, वजन कमी करा, रोज चालायला जा. मी इमानदारीत जायचे, बागेतल्या पहिल्याच बाकावर बसायचे आणि घरी यायचे.

शेवटी रक्त तपासलं तेव्हा टीएसएच निघालं ३८. डॉक्टरांनी पंचवीसची गोळी लिहून दिली आणि म्हणाले, "ही आता आयुष्यभर." मी ते शब्दशः घेतलं. तीन वर्षं तीच पंचवीसची गोळी, मध्ये एकदाही तपासणी नाही. कुणी सांगितलं नाही, आणि मीही विचारलं नाही. त्याच काळात आमच्या स्वयंपाकघरात खिळ्याला दुधाची वही लटकलेली असायची. अर्धा लिटर जास्त आलं की त्याच दिवशी नोंद. रतीब कधी बंद होता, दुधात पाणी कधी जास्त होतं, सगळं मला तोंडपाठ. स्वतःच्या रक्ताचा हिशेब मात्र शून्य. आज जे सांगायला बसलेय, त्याचं सार एवढंच: गोळी सुरू झाली म्हणजे उपचार झाला असं नाही. हिशेब ठेवावा लागतो, आणि तो आपणच ठेवायचा.

आधी एक गंमत. आपण सगळ्याजणी म्हणतो, "मला थायरॉईड आहे." अगं, तो सगळ्यांनाच असतो, गळ्यात पुढच्या बाजूला, फुलपाखरासारखा. आपला फक्त मंदावलाय. मेंदूच्या तळाशी पिट्युटरी नावाची वाटाण्याएवढी ग्रंथी असते. ती टीएसएच सोडून थायरॉईडला हाक मारते. थायरॉईडने ओ दिली, म्हणजे टी-४ आणि टी-३ पुरेसं बनवलं, की हाकेचा आवाज खाली येतो. ओ आलीच नाही, तर हाक वाढत जाते. म्हणून टीएसएचचा आकडा मोठा, तर थायरॉईडचं काम कमी. बऱ्याच शिकल्यासवरल्या लोकांचा इथे उलटा समज असतो.

आणि तू यात एकटी नाहीस. काही वर्षांपूर्वी देशातल्या आठ शहरांत पाच हजारांहून जास्त प्रौढांची तपासणी झाली, त्यात मुंबई आणि गोवाही होते. शंभरात जवळजवळ अकरा जणांचा थायरॉईड मंद निघाला, आणि त्यात बायका जास्त. बहुतेकींच्या मागे एकच कारण असतं: आपलीच प्रतिकारशक्ती आपल्या ग्रंथीवर उलटते. १९१२ मध्ये हाशिमोतो नावाच्या जपानी सर्जननं याचं पहिलं वर्णन केलं, म्हणून त्याचंच नाव पडलं. अँटी-टीपीओ या रक्ततपासणीत ते कळतं. ती एकदा करून घे. दर वेळी करून पैसे घालवू नकोस, कारण त्या आकड्यावरून गोळी बदलत नाही.

आई म्हणते, मीठ बदल. आईचं चुकत नाही, तिच्या लहानपणी गलगंडाचं कारण खरंच आयोडीनची कमतरता होतं. सरकारने १९६२ मध्ये त्यावर राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला, आणि म्हणून आज आपल्या डब्यात आयोडीनयुक्त मीठ आहे. तेच चालू ठेव. हल्ली सगळा स्वयंपाक सैंधवात करायची टूम निघाली आहे, तिच्या नादी लागू नकोस, विशेषतः बाळाचा विचार चालू असताना. आणि समुद्री शेवाळाच्या गोळ्या खाऊन आयोडीन वाढवायलाही जाऊ नकोस. हाशिमोतोत जास्तीचं आयोडीन उलट त्रास देतं. कोबी-फ्लॉवर मात्र बिनधास्त खा, शिजवलेल्या भाजीनं काही बिघडत नाही.

आता तुझ्या रिपोर्टकडे वळू. तू फोटो पाठवलास तो मी मोठा करून पाहिला. टीएसएच ४.८, आणि शेजारी लॅबची मर्यादा ०.३५ ते ५.५. म्हणून कुणीतरी "नॉर्मल" म्हटलं आणि तूही फाईल मिटलीस. पण गणपतीत तुझ्याकडे चार दिवस राहिले तेव्हा मी काय काय पाहिलं, ते ऐक.

सकाळी उठल्या उठल्या तू थायरॉईडची गोळी चहाच्या घोटाबरोबर घेतेस. दहा मिनिटांनी, त्याच सात कप्प्यांच्या डबीतून, कॅल्शियम आणि लोह. म्हणजे तू पन्नासची गोळी गिळतेस, पण अंगी किती लागते ते देवालाच ठाऊक. ही गोळी मोठी मानी आहे, तिला पोटात गर्दी चालत नाही. रिकाम्या पोटी, नुसत्या पाण्याबरोबर, आणि मग निदान अर्धा तास, जमलं तर तासभर, चहा-कॉफी-दूध काही नाही. कॅल्शियम, लोह, ॲसिडिटीची औषधं यांच्यात आणि हिच्यात चार तासांचं अंतर. मी कॅल्शियम दुपारच्या जेवणानंतर घेते. सकाळ जमतच नसेल तर रात्री जेवणानंतर तीन तासांनी घेतली तरी चालते, पण एक वेळ ठरव आणि तीच पाळ. मी गोळीची बाटली उशाशी ठेवते आणि अंथरुणातच गोळी घेते, कुकर लावायच्या आधी. बाटलीतून काढून कप्प्यांच्या डबीत महिनाभर टाकून ठेवू नकोस, गॅसजवळच्या फळीवर तर नकोच. उष्णता, उजेड आणि दमट हवा यांनी ती उतरते. आणि केमिस्टने "हीच आहे, फक्त कंपनी वेगळी" म्हणून दुसरी दिली, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नकोस. बदललीच, तर दीड-दोन महिन्यांनी पुन्हा रक्त तपास.

दुसरी गोष्ट तुझ्या आरशाशेजारी होती. केसांसाठीच्या त्या गोड गोळ्या. मी मागची चिठ्ठी वाचली: बायोटिन, दहा हजार मायक्रोग्रॅम. दिवसाची गरज असते तीसच्या आसपास. बायोटिननं थायरॉईड बिघडत नाही, तपासणी बिघडते. लॅबमधल्या काही यंत्रांत चाचणीच बायोटिनच्या आधारानं चालते. रक्तात ते भरमसाट असलं की टीएसएच खोटंच कमी दिसतं आणि टी-४ खोटंच जास्त. कळलं का? केस थायरॉईडमुळे गळतात, त्यासाठी तू बायोटिन घेतेस, आणि तेच बायोटिन थायरॉईडचा रिपोर्ट गोड करून दाखवत असेल. तुझं खरं टीएसएच ४.८ पेक्षा जास्तही असू शकतं. तपासणीआधी निदान दोन दिवस ते बंद हवं.

तिसरी गोष्ट तू डॉक्टरांना सांगितलीच नाहीस, मला माहीत आहे. तुम्ही दुसऱ्या बाळाचा विचार करताय. हे एक वाक्य सांगितलं की सगळा हिशेब बदलतो. थायरॉईडची गोळी चालू असलेल्या बाईला दिवस राहण्याआधीच टीएसएच २.५ च्या खाली आणायचा सल्ला देतात, कारण सुरुवातीच्या आठवड्यांत बाळ पूर्णपणे आईच्या हार्मोनवर अवलंबून असतं. पाळी चुकली आणि चाचणी पॉझिटिव्ह आली की गोळी बंद करायची नसते, उलट बहुतेकींना पंचवीस-तीस टक्के वाढवावी लागते. पुष्कळ डॉक्टर आठवड्याला दोन गोळ्या जास्त घ्यायला लगेच सांगतात. तुझ्यासाठी काय करायचं ते आत्ताच विचारून लिहून घे, म्हणजे त्या दिवशी अपॉइंटमेंटची वाट बघत बसावं लागणार नाही. मग पहिले पाच महिने दर चार आठवड्यांनी रक्त.

रक्त कसं द्यायचं तेही सांगते. टीएसएच दिवसभर सारखं नसतं, पहाटे जास्त, दुपारी कमी. म्हणून दर वेळी सकाळीच जा, साधारण एकाच वेळी, आणि एकाच लॅबमध्ये. त्या दिवशीची गोळी रक्त दिल्यावर घे. डोस बदलल्यावर सहा ते आठ आठवडे थांब, कारण हे औषध शरीरात हळूहळू साठतं आणि हळूहळू उतरतं. पंधरा दिवसांत तपासलंस तर अर्धवट आकडा हाती येईल. आणि लॅबवाले जे पॅकेज देतात, त्यात टी-३, टी-४ बहुधा "टोटल" असतात. गर्भारपणात किंवा पाळीच्या गोळ्या चालू असताना ते आकडे नुसतेच फुगलेले दिसतात. म्हणून टीएसएचबरोबर "फ्री टी-४" लिहून माग.

फ्री टी-४ चा हट्ट मी का धरते, तर आपली आत्या. धाकट्या मुलाच्या वेळी तिला अतोनात रक्तस्राव झाला, अंगावर दूध आलंच नाही, पाळी परत आली नाही. नंतर कित्येक वर्षं थकवा, थंडी, गळून जाणं. टीएसएच दर वेळी "नॉर्मल". अखेर एका तरुण डॉक्टरीणबाईंनी बाळंतपण कसं झालं ते विचारलं आणि फ्री टी-४ केलं, ते अगदी तळाला. तिची पिट्युटरीच त्या रक्तस्रावात दुखावली होती. हाक मारणारीच गप्प झाली, तर हाकेवरून काय कळणार? याला शीहान सिंड्रोम म्हणतात. त्यात थायरॉईडच्या गोळीआधी स्टिरॉइडची कमतरता भरून काढावी लागते, म्हणून हे घरच्या घरी करायचं काम नाही. तुझं हे नाही, पण बाळंतपणाची हकीकत डॉक्टरांना सांगावी, न विचारता.

डॉक्टरांपुढे गेलीस की "बरं वाटत नाही" एवढंच बोलू नकोस. त्यांच्याकडे पाच मिनिटं असतात, बाहेर वीस जण. कागदावर लिहून ने: गोळी केव्हा आणि कशाबरोबर घेत होते, आता काय बदललं, बायोटिन कधी बंद केलं, काय त्रास आहे, आणि आम्हाला बाळ हवंय. मग सरळ विचार, "माझ्यासाठी टीएसएच किती असावं, आणि पुढची तपासणी कधी?" हा उर्मटपणा नाही. चांगले डॉक्टर यावर खूशच होतात. दोन-तीनदा विचारूनही उत्तर मिळालं नाही, तर एंडोक्रायनॉलॉजिस्ट, म्हणजे ग्रंथींच्या डॉक्टरांकडे जा. मुंबईत केईएमसारख्या महापालिकेच्या रुग्णालयातही त्यांचा वेगळा विभाग आहे, फक्त सकाळ रांगेत घालवायची तयारी हवी.

आता कडू बोलते. नेटवर वाचून स्वतःच गोळी वाढवू नकोस. मी एकदा केलंय. महिनाभर छान तरतरी होती, मग रात्री छातीत धडधड आणि हात थरथर. डोस जास्त झाला की हृदयाची लय बिघडते, आणि पाळी गेलेल्या बायकांची हाडं झिजतात. आईच्या वयाला तर टीएसएच थोडं वर असलेलंच बरं म्हणतात. तुझ्या जावेचं धण्याचं पाणी आवडत असेल तर पी, पण त्याच्या भरवशावर गोळी सोडू नकोस. आणि वजनाचा सगळा दोष थायरॉईडवर टाकू नकोस. त्याच्यामुळे वाढतं ते साधारण दोन ते साडेचार किलो, तेही बरंचसं अंगात धरलेलं पाणी. माझे उरलेले नऊ किलो भाकरी-भाताचे आणि बैठ्या नोकरीचे होते, ते मला वेगळे उतरवावे लागले.

आणखी एक. सगळं नीट करून टीएसएच दीडवर आलं तरी थकवा जात नाही, असंही होतं. तेव्हा हिमोग्लोबिन, फेरिटिन, बी-१२, साखर बघून घे. आपण शाकाहारी, त्यात तुझी पाळी जोरात जाते. माझं बी-१२ इतकं कमी होतं की अर्धं "थायरॉईड" तेच होतं. झोप होते का, मनावर काही ओझं आहे का, हेही त्याच यादीत धर. काहीजणींना डॉक्टर टी-३ जोडून बघतात, पण तो तज्ज्ञांचा प्रांत, आणि बाळाचा विचार असताना नकोच.

पंचवीसवरून माझी गोळी हळूहळू शंभरवर आली, दीड वर्ष लागलं. मोजे कपाटात गेले. एक दिवस मी बागेला तीन फेऱ्या मारल्या आणि बाक आठवलाच नाही.

तर ऐक. बायोटिन आजपासून बंद. उद्यापासून गोळी पाण्याबरोबर, चहा तासाभरानं, कॅल्शियम-लोह दुपारी. याच आठवड्यात डॉक्टरांना भेट, रक्त पुन्हा कधी द्यायचं ते त्यांनाच ठरवू दे. आणि एक दोनशे पानी वही आण. पहिल्या पानावर तारीख, डोस, टीएसएच, फ्री टी-४ असे चार रकाने आख. आकडा आला की आधी मला फोन करू नकोस, आधी वहीत लिही.