गालाला गार लागली तर रंग नको

पोरी, आजोबांच्या हाताखाली शिकायचं तुझं राहून गेलं. आता मी सांगते तेवढं ऐक. मी काही मूर्तिकार नाही, दागिने रंगवणारी. पण पेणमध्ये गणपतीच्या कारखानदाराशी संसार केला की माती आपोआप कळायला लागते.

शाडू गुजरातेतून पोत्यांनी येते. ती आधी चाळायची, आणि चाळताना नाकाला ओलं फडकं बांधायचं. हे स्वतः बांधायचे आणि गड्याने बांधलं नसेल तर त्याला चाळणीला हात लावू द्यायचे नाहीत. माती रात्रभर भिजवायची आणि तांदळाच्या उकडीसारखी मळायची, बोटाला चिकटेनाशी होईपर्यंत. मळताना थोडा पिंजलेला कापूस घाल, तडे कमी जातात. सोंडेत नि हातात जाड तार मात्र नको. सुकताना माती आकसते, तार आकसत नाही. मग नेमका मनगटावर तडा.

सुकवायचं सावलीत. उन्हात ठेवलीस तर वरून कडक नि आतून ओली राहते. मूर्ती पोकळ ठेव, बुडाला वारा जायला भोक ठेव, रोज थोडी फिरवत जा. सुकली का ते नखाने टोकरून बघायचं नाही. बुडाला गाल लाव. गार लागली तर आत ओल आहे, रंग नको. गिऱ्हाईक दारात उभं असलं तरी नको.

डोळ्यांची आखणी सकाळी. हे अंघोळ करून, चहा घेऊन बसायचे. दोन्ही डोळे एका बैठकीत, एकाच हाताने. उजवा आज, डावा उद्या असं केलं की नजर फुटते. आधी मूर्ती चौरंगाच्या उंचीवर ठेवायची आणि खाली मांडी घालून बघायचं, कारण घरातली माणसं तिथूनच बघणार. दिवेलागण झाली की कितीही घाई असो, डोळ्यांना हात नाही. संध्याकाळ घरची, हे त्यांचं ठरलेलं. तुझ्या बापाचे पाढे, सासूबाईंचं औषध, मग सगळ्यांची एक पंगत. श्रावणात पेणमध्ये कारखान्यांचे दिवे रात्रभर जळत असतात; आमचा जेवणाच्या वेळेला बंद. लोक हसायचे. मला विचारशील तर म्हातारपणीही त्यांचा हात थरथरला नाही तो या शिस्तीनेच.

गिऱ्हाईक पाट आणून ठेवतं, तेव्हाच पाटामागे खडूने नाव, उंची नि मिळालेले पैसे लिही. चतुर्थीच्या आदल्या रात्री तोंडी हिशोब कोणाचाच जुळत नाही. आगाऊ रक्कम मातीची आणि मजुरीची, आपली नव्हे. ती माझ्या डब्यात असायची आणि त्यातला रुपयाही ते मला विचारून काढायचे. आधी गड्यांचे पैसे, मग माझी गौरीची साडी. एका वर्षी ती साडी दसऱ्याला आली. मी बोलले नाही असं नाही.

2020 च्या 3 जूनला निसर्ग वादळात पेणमधल्या कितीतरी कारखान्यांचं छप्पर उडालं, मूर्ती भिजल्या. वर करोना, सरकारने घरगुती मूर्तीला 2 फूट आणि सार्वजनिक मूर्तीला 4 फुटांची मर्यादा घातली. तेव्हा हे म्हणाले, रंग न लागलेली शाडू भिजली तर तिची पुन्हा माती करता येते, फक्त श्रम वाया. म्हणून सगळ्या मूर्ती एकदम रंगवून ठेवू नकोस. पाट येतील तशा रंगव.

प्लास्टरवाल्यांना नावं ठेवायची नाहीत. जोहे-हमरापूरकडे त्यावर कितीतरी चुली पेटतात. 2025 च्या जूनमध्ये उच्च न्यायालयाने त्या मूर्ती बनवायला मोकळीक दिली, पण परवानगीशिवाय नदी-समुद्रात त्यांचं विसर्जन नाही. त्यामुळे शाडूला गिऱ्हाईक वाढेल. वाढलं म्हणून वाटेल ती किंमत सांगू नकोस.

2026 मध्ये अधिक ज्येष्ठ आला, म्हणून चतुर्थी थेट 14 सप्टेंबरला. हाताशी भरपूर वेळ आहे असं वाटेल. पण पाऊस काही अधिक महिना बघून येत नाही. मोठ्या मूर्ती मे संपायच्या आत सुकवून घे, पावसात फक्त लहान मूर्ती नि रंगकाम ठेव.